व्याजदराच्या शिखरावर मुदत ठेवींची शिडी

व्याजदर आता शिखरावर पोहोचले, अशी चर्चा सुरू झाली की मुदत ठेवींच्या व्याजावर विसंबून असलेल्या कुटुंबांपुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. हाती असलेली रक्कम आजच्या दराने दीर्घ मुदतीसाठी अडकवावी, की दर आणखी वाढतील या आशेने थोडे थांबावे? अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात हा प्रश्न घरोघरी पडतो. निवृत्तीची पुंजी असो, स्वेच्छानिवृत्तीतून हाती आलेली रक्कम असो वा इमारतीच्या पुनर्विकासात मिळालेला कॉर्पस असो, मध्यमवर्गीयांचा पहिला ओढा आजही बँकेतील मुदत ठेवीकडेच असतो. या प्रश्नाचे एक साधे व व्यवहार्य उत्तर म्हणजे ठेवींची शिडी.

शिडी म्हणजे काय?

सगळी रक्कम एकाच पावतीत आणि एकाच मुदतीसाठी न गुंतवता तिचे समान भाग करून वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवी करणे, याला ठेवींची शिडी म्हणतात. पाच भाग केले, तर एक, दोन, तीन, चार व पाच वर्षांच्या पाच ठेवी होतात. पहिली ठेव वर्षअखेरीस मुदतपूर्ण झाली की ती रक्कम पाच वर्षांसाठी पुन्हा गुंतवायची. दुसरी ठेव पूर्ण झाली की तिचेही तसेच करायचे. अशा रीतीने चार वर्षांनंतर सर्व ठेवी पाच वर्षांच्या झालेल्या असतात आणि तरीही दरवर्षी एक ठेव हाती येत राहते.

अमेरिकेत ही पद्धत ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’च्या नावाने रूढ आहे. आपल्याकडे मात्र त्याच नावाचे साधन निराळे आहे. १९८९ मध्ये भारतात आलेले हे ठेव प्रमाणपत्र नाणेबाजारातील साधन असून ते केवळ डिमॅट स्वरूपात मिळते. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार त्याची किमान रक्कम ५ लाख रुपये आहे आणि बँकांच्या प्रमाणपत्रांची मुदत ७ दिवस ते १ वर्ष इतकीच असते. त्यामुळे सर्वसामान्य ठेवीदाराने शिडी बांधावयाची ती आपल्या परिचयाच्या मुदत ठेवींचीच.

शिखर ओळखता येते का?

व्याजदराचे शिखर ते मागे पडल्यावरच ओळखू येते, हे गेल्या दोन दशकांतील रेपो दराचा इतिहास सांगतो. रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर. ठेवींचे दर कमीअधिक विलंबाने त्याच्या मागोमाग जातात.

जुलै २००८ च्या अखेरीस रेपो दर ९ टक्क्यांवर गेला. जागतिक वित्तीय संकट कोसळताच २० ऑक्टोबर २००८ रोजी तो एकदम ८ टक्के करण्यात आला आणि एप्रिल २००९ मध्ये तो ४.७५ टक्क्यांवर आला. म्हणजे शिखर तीन महिनेही टिकले नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये गाठलेला ८.५ टक्क्यांचा दर एप्रिल २०१२ पर्यंत, सुमारे सहा महिने राहिला. जानेवारी २०१४ मधील ८ टक्क्यांचा दर जवळपास वर्षभर, तर ऑगस्ट २०१८ मधील ६.५ टक्क्यांचा दर सहा महिने टिकला.

यानंतरचे आवर्तन सर्वांत वेगळे होते. करोनाकाळात ४ टक्क्यांवर आणलेला रेपो दर ४ मे २०२२ पासून वाढू लागला व फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्के झाला. कपात ‘पुढल्या बैठकीत’ होईल, असे भाकीत वारंवार वर्तवले गेले. प्रत्यक्षात ती फेब्रुवारी २०२५ मध्ये, तब्बल दोन वर्षांनी झाली. मग मात्र एप्रिल, जून व डिसेंबर अशा पुढील कपाती होऊन वर्षअखेरीस दर ५.२५ टक्क्यांवर आला.

तीन महिने ते दोन वर्षे इतकी तफावत असताना नेमका क्षण साधू पाहणे हा केवळ अंदाजाचा खेळ ठरतो. शिडीचे मर्म हेच, की तिला अंदाजाची गरज लागत नाही. दर वाढले तर दरवर्षी मोकळी होणारी पायरी नव्या दराने गुंतवता येते. दर उतरले तर उरलेल्या चार पायऱ्यांवर जुना दर मिळत राहतो.

दहा लाखांचे उदाहरण

फेब्रुवारी २०२३ च्या मध्यास स्टेट बँकेचे सर्वसाधारण ठेवीदारांसाठीचे दर असे होते : एक ते दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीस ६.८० टक्के, दोन ते तीन वर्षांपेक्षा कमी मुदतीस ७ टक्के आणि तीन ते दहा वर्षांस ६.५० टक्के. दोन-दोन लाखांच्या पाच पायऱ्या केल्या असत्या, तर सरासरी दर ६.६६ टक्के पडला असता. सगळी रक्कम दोन वर्षांसाठी ठेवणाऱ्याला ७ टक्के मिळत होते. म्हणजे शिडी बांधणाऱ्याने दहा लाखांमागे वर्षाला सुमारे ३,४०० रुपये कमी घेतले. हा एक प्रकारे विम्याचा हप्ताच समजावा.

हा हप्ता फुकट गेला का? शिखर दोन वर्षे टिकल्याने अल्पमुदतीच्या ठेवीदारांचे त्या वेळी फारसे बिघडले नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्यांची ठेव कपातीनंतर मुदतपूर्ण झाली, त्यांना फरक जाणवला. स्टेट बँकेची ४०० दिवसांची ‘अमृत कलश’ योजना ७.१० टक्के व्याज देत असे आणि ती ३१ मार्च २०२५ पर्यंत चालू होती. मे २०२४ च्या मध्यास या योजनेत गुंतवलेली रक्कम जून २०२५ च्या उत्तरार्धात हाती आली, तेव्हा एक वर्षाचा दर ६.२५ टक्के आणि पाच वर्षांवरील दर ६.०५ टक्के झाला होता. दहा लाखांच्या ठेवीवर एक वर्षाच्या दरानेही वर्षाला ८,५०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ७०० रुपये उत्पन्न घटले. ज्यांचा औषधपाण्याचा व सोसायटीच्या मासिक देयकाचा खर्च या व्याजातून भागतो, त्यांच्यासाठी ही रक्कम लहान नाही. त्या दिवशी दीर्घ मुदतीच्या पायऱ्या हाती असणाऱ्याची केवळ एक पायरी नव्या दराच्या कक्षेत आली होती.

शिखराच्या आसपास अल्प मुदतीचा दर दीर्घ मुदतीपेक्षा जास्त दिसणे स्वाभाविक आहे. पुढे दर उतरतील, असा बँकांचाही कयास असतो व स्वस्त होऊ घातलेल्या पैशासाठी पाच वर्षे चढे व्याज देण्यास त्या राजी नसतात. म्हणूनच ४००, ४४४ अशा विषम दिवसांच्या योजनांची आकर्षक जाहिरात होते. अशी योजना शिडीची एक पायरी म्हणून जरूर घ्यावी, तिच्यावर अख्खी शिडी उभी करू नये.

बांधणी करताना

प्रथम सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बचत खात्यात किंवा अल्पमुदतीच्या ठेवीत वेगळी काढावी. शिडी ही त्यानंतरच्या पैशांची. मुलीचे शिक्षण, घराची दुरुस्ती, नियोजित शस्त्रक्रिया असा ठरलेला खर्च असेल, तर त्याच्या दोन महिने आधी एक पायरी मुदतपूर्ण होईल असे पाहावे.

ठेव पावतीवरील आपोआप नूतनीकरणाच्या सूचनेकडे बारकाईने लक्ष द्यावे. सूचना तशीच राहिली तर एक वर्षाची ठेव पुन्हा एकाच वर्षासाठी, त्या दिवशीच्या दराने नूतनीकृत होते आणि शिडी जागच्या जागी मोडते. उलट नूतनीकरणाची सूचना नसेल व रक्कम पडून राहिली, तर जुलै २०२१ च्या नियमानुसार त्यावर बचत खात्याचा किंवा ठेवीचा मूळ दर, यांपैकी जो कमी असेल तोच मिळतो. मुदतपूर्तीच्या तारखा एका वहीत लिहून ठेवणे हा यावरचा सोपा उपाय होय.

पायऱ्या वेगळ्या असण्याचा आणखी एक लाभ असा, की अडचणीच्या वेळी एकच पावती मोडावी लागते. मुदतपूर्व ठेव मोडल्यास ती जितके दिवस बँकेत राहिली त्या कालावधीचा दर लागू होतो आणि त्यातून बहुधा अर्धा ते एक टक्का दंड वजा होतो. ऑक्टोबर २०२३ च्या आदेशानुसार व्यक्तींच्या एक कोटी रुपयांपर्यंतच्या ठेवींना मुदतपूर्व काढण्याची सोय देणे बँकांवर बंधनकारक झाले. करसवलतीची पाच वर्षांची ठेव मात्र याला अपवाद आहे. ती मधे मोडता येत नाही.

पाच लाखांची रेषा

शिडीच्या पायऱ्या कोणत्या दराने बांधल्या यापेक्षा त्या कोणत्या भिंतीला टेकल्या आहेत, हे अधिक महत्त्वाचे. मुंबईच्या उपनगरांना हा धडा महागात मिळाला आहे. भांडुप येथे मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा प्रारंभी सहा महिन्यांत प्रतिखाते फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. बँकेत ११ हजार कोटी रुपयांहून अधिक ठेवी अडकल्या. २५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. परंतु विमा मर्यादेपलीकडील मोठ्या ठेवींची परतफेड दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने करण्याची तरतूद विलीनीकरण योजनेत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली.

ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. ती प्रत्येक ठेवीदारास, प्रत्येक बँकेसाठी लागू होते. एकाच बँकेच्या अंधेरी व बोरिवली शाखांतील ठेवी एकत्र मोजल्या जातात. मर्यादेत मुद्दल व व्याज दोन्ही येतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ६.५ टक्के दराने तिमाही चक्रवाढीने पाच वर्षांत ५ लाख होण्यास सुमारे ३ लाख ६२ हजारांचे मुद्दल पुरते. म्हणून एकाच बँकेत ठेवलेली पाच वर्षांची पायरी साडेतीन लाखांच्या आतच ठेवणे शहाणपणाचे. पती-पत्नींची स्वतंत्र खाती व संयुक्त खाते हे विम्याच्या दृष्टीने वेगवेगळे धरले जातात. सप्टेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीमुळे निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. पतसंस्थांतील ठेवींना मात्र हा विमा नाही. तेथील अर्धा-एक टक्का जास्तीचे व्याज त्याच जोखमीचे मोल असते.

कर आणि वारस

ठेवीचे व्याज उत्पन्नात धरले जाते. व्याज हाती न घेता चक्रवाढीत ठेवले तरी बँक दरवर्षी जमा होणाऱ्या व्याजावर उद्गम करकपात करते. १ एप्रिल २०२५ पासून ही कपात एका बँकेतील वार्षिक व्याज ५० हजारांपेक्षा, ज्येष्ठ नागरिकांसाठी १ लाखापेक्षा अधिक झाल्यास होऊ लागली. कपात झाली नाही म्हणजे कर नाही, असे नव्हे. ज्यांचे एकूण उत्पन्न करपात्र नाही, त्यांनी आर्थिक वर्षाच्या आरंभीच बँकेला तसे घोषणापत्र द्यावे. प्रत्येक पावतीवर नामनिर्देशन आहे ना, हेही तपासावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नामनिर्देशन करण्याची मुभा मिळाली आहे.

गृहनिर्माण संस्थांसाठीही

सिंकिंग फंड व दुरुस्ती निधी एकाच मोठ्या ठेवीत ठेवण्याची प्रथा अनेक सोसायट्यांत आहे. विम्याच्या दृष्टीने संपूर्ण संस्था हा एकच ठेवीदार ठरतो. एका बँकेत ५० लाख असले तरी संरक्षण ५ लाखांचेच असते. सहकार कायद्याच्या कलम ७० मध्ये ठरवून दिलेल्या जागीच संस्थेचा पैसा गुंतवावयाचा असतो, ही चौकट पाळून पायऱ्या पाडाव्यात. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा, तर त्याहून जुन्या इमारतींची तीन वर्षांतून एकदा करावयाची असते. तपासणीपाठोपाठ दुरुस्तीचा खर्च येतो, म्हणून मोठी पायरी त्याच वर्षी मोकळी व्हावी, अशी आखणी समितीने करावी.

शिडीमुळे सर्वाधिक दर कधीच मिळत नाही, हे खरे. पण सगळी पुंजी सर्वांत कमी दराच्या दिवशी नूतनीकरणाला येण्याची वेळही येत नाही. ज्या घरात महिन्याचा खर्च ठेवीच्या व्याजावर चालतो, तिथे ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची असते.