बटरफ्लायचं माहेर

अमेरिकेत कॉलेजसाठी पोहणारी मुलं हिवाळाभर मुद्दाम दमलेली असतात. पहाटे एकदा आणि दुपारी पुन्हा, असं रोज हजारो यार्ड पोहायचं; मग मोठ्या स्पर्धेआधीचे दोन-तीन आठवडे सराव उतरत न्यायचा. याला ते 'टेपर' म्हणतात. शेवटी हातापायांवरचे केस काढायचे आणि पंधरा-वीस मिनिटं झटापट करून अंगात शिरणारा घट्ट सूट चढवायचा. सगळी तयारी त्या तीन-चार दिवसांसाठी.

१२ मार्च २०२० रोजी ही तयारी वाया गेली. कोरोनामुळे, कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएने हिवाळी आणि वसंत ऋतूतल्या सगळ्या अंतिम स्पर्धा रद्द केल्या. पहिल्या श्रेणीतल्या मुलींची स्पर्धा जॉर्जियात सहा दिवसांवर आली होती. दुसऱ्या श्रेणीची तर ओहायोतल्या जिनीव्हा गावी सुरूही झाली होती; ती मध्यावरच थांबवून मुलांना घरी पाठवलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांचं पोहणं तिथेच संपलं.

मग तलावांना कुलपं लागली. धावपटू गच्चीवर का होईना धावू शकतो, पोहणाऱ्याने काय करायचं? केटी लेडेकी आणि सिमोन मॅन्युएल या ऑलिंपिक विजेत्या स्टॅनफर्डचा तलाव बंद झाल्यावर एका कुटुंबाच्या परसातल्या दोन लेनच्या तलावात सराव करत होत्या. परसात तलाव असलेले शेजारी सगळ्यांनाच कुठून मिळणार! इकडे आपल्या कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे याने जून २०२० मध्ये, तलाव असेच बंद राहिले तर निवृत्तीचा विचार करावा लागेल, असं जाहीर बोलून दाखवलं होतं.

पण खरा घाव पाण्याबाहेर बसला. अमेरिकी विद्यापीठांत पोहण्याचा संघ स्वतःच्या कमाईवर चालत नाही. फुटबॉलची तिकिटं आणि टीव्हीचे हक्क यांच्या पैशावर बाकीचे खेळ जगतात. फुटबॉल अडला, की कात्री कुणावर चालणार हे ठरलेलं. कनेटिकट, डार्टमथ, ईस्ट कॅरोलायना, मिशिगन स्टेट अशा विद्यापीठांनी त्या वर्षी जलतरणाचे संघ बंद करत असल्याचं जाहीर केलं. काहींना दबावापुढे निर्णय फिरवावा लागला, काहींनी फिरवला नाही.

या यादीतलं सर्वांत चटका लावणारं नाव आयोवाचं. डेव्हिड आर्मब्रस्टर इथे १९१७ ते १९५८ प्रशिक्षक होते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात पाण्याखालून पुढे नेण्यात वेग मरतो, हे त्यांना खुपत होतं. नियमांत हात पाण्यावरून आणायला बंदी नव्हती, म्हणून त्यांनी तसे हात मारण्याची पद्धत घोटवली. १९३५ च्या सुमारास त्यांचा जॅक सीग नावाचा विद्यार्थी कुशीवर पोहताना दोन्ही पाय जुळवून माशाच्या शेपटीसारखे हलवू लागला. गुरूने ती लाथ पालथं पोहताना या हातांना जोडली आणि बटरफ्लाय जन्माला आला. वेग विलक्षण, पण पाय वर-खाली हलवणं नियमात बसेना. बटरफ्लायला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता मिळाली १९५० च्या दशकात आणि ऑलिंपिकमध्ये तो आला १९५६ ला, मेलबर्नमध्ये. आज प्रत्येक पोहणारा भिंतीवरून निघाल्यावर पाण्याखाली जी लाथ मारतो, ती याच घरची.

त्या आयोवाने २१ ऑगस्ट २०२० रोजी मुला-मुलींचं जलतरण, मुलांचं टेनिस आणि जिम्नॅस्टिक्स बंद करण्याची घोषणा केली. कारण दिलं फुटबॉल हंगाम पुढे गेल्याचं. त्यामुळे सुमारे १० कोटी डॉलर बुडतील असा हिशेब मांडला. महिन्याभरात, हंगाम पुढे ढकलणाऱ्या बिग टेन या आयोवाच्या विद्यापीठ-संघटनेने घूमजाव केलं आणि २४ ऑक्टोबरला आयोवाचा फुटबॉल संघ मैदानात उतरला. जलतरणाचा निर्णय मात्र तसाच राहिला. गंमत अशी, की २०२१ ची पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा आयोवाच्याच तलावात व्हायची होती. ती पुढे ग्रीन्सबरोला हलली.

आयोवाच्या जलतरण संघातल्या चार मुली कोर्टात गेल्या. त्यांच्या हाती होता १९७२ चा 'टायटल नाइन' हा कायदा: शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव नको, आणि त्यात खेळही आले. विद्यापीठात मुलींचं प्रमाण जेवढं आहे, तेवढ्या संधी त्यांना खेळात मिळत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. डिसेंबरमध्ये न्यायालयाने मुलींचे संघ बंद करायला तात्पुरती मनाई केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये विद्यापीठाने मुलींचं जलतरण कायम ठेवल्याचं जाहीर केलं. तोवर कित्येक जणी दुसऱ्या विद्यापीठांत निघूनही गेल्या होत्या.

मुलांच्या कामी हा कायदा आला नाही. त्यांचा संघ २०२१ च्या हंगामानंतर बंद झाला. जॅक सीग पोहला होता, तो याच संघाकडून.