वेदनेची तजवीज

मुंबईतील परळ भागात, जेथे एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यांवर दिवस उजाडत असे, तेथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालयाचे द्वार उघडले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या आणि पुढल्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून उभे राहिलेले हे रुग्णालय आरंभी अवघ्या ८० खाटांचे होते. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे व १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे वर्ग झाले, ही दफ्तरी हकीकत झाली. परंतु शस्त्र आणि किरण यांच्या बळावर रोगाशी झुंजणाऱ्या या वास्तूच्या फाटकाबाहेर बिनभिंतींचे जे दुसरे इस्पितळ वसत गेले, त्याचा इतिहास क्वचितच सांगितला जातो.

विदर्भातून वा बिहारातून आलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया एका दिवसात उरकते. किरणोपचार मात्र आठवडेच्या आठवडे चालतात, आणि तेवढे दिवस मुंबईत राहायचे कोठे, शिजवायचे कशावर, हा घोर त्याला गाठीपेक्षाही अधिक पोखरतो. जेरबाई वाडिया मार्गाच्या पदपथावर प्लास्टिकच्या आडोशाला पथारी पसरणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको. या क्लेशावर उतारा सुचला तो आपल्या जुन्या धर्मशाळेच्या परंपरेला. गाडगे महाराजांनी पंढरीच्या वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधविल्या. १९५६ साली ते गेल्यानंतरही त्यांच्या मिशनने तो वसा टाकला नाही, आणि दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरणारे वारकरी म्हणजे टाटातले रुग्ण. १९६८ साली स्थापन झालेल्या नाना पालकर स्मृती समितीनेही परळलाच रुग्णसेवेचे कार्य आरंभिले. परवडणारी खोली, वेळेवर जेवण आणि तेच दुखणे सोसून उठलेला शेजारी, एवढ्या सामग्रीने मनाचा जो भार हलका होतो, तो कोणत्याही उपदेशाने होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

देहाच्या वेदनेची तजवीज मात्र फार उशिरा झाली. ज्यांचा रोग बरा होणे नाही अशांसाठी डॉ. एल. जे. डिसूझा यांनी वांद्र्यास शांती आवेदना सदन उघडले ते १९८६ साली. देशातील अशा प्रकारचा तो पहिलाच आश्रम, आणि पुढे गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा झाली. याच सुमारास एक विपरीत गोष्ट घडली. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे व त्या व्यापारावर या शहरातील कितीएक पेढ्या गब्बर झाल्या. आजही सरकारी परवान्याने अफू पिकविणाऱ्या मोजक्या देशांत आपली गणना होते. परंतु तिच्यापासूनच निघणारे मॉर्फिन, जे अखेरच्या अवस्थेतील रुग्णाला रात्रीची झोप देऊ शकते, ते १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांच्या जंजाळात असे अडकले, की अनेक रुग्णालयांनी ते बाळगणेच सोडून दिले. व्यसनी माणसाला धाक बसावा म्हणून केलेल्या कायद्याची शिक्षा खाटेवर तळमळणाऱ्याने भोगली. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांपुरते हे जंजाळ पुष्कळसे सुटले. पण डॉक्टरांच्या मनातील धास्ती आणि नातलगांच्या मनातील, मॉर्फिन म्हणजे आता सारे संपले, ही समजूत कोणत्याही दुरुस्तीने जाणारी नव्हे. म्हणून ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी वेदनाशमनाचा विषय पहिल्याच भेटीत, संकोच न धरता, डॉक्टरांपाशी काढावा.