वांझ म्हटलेली फुले

माझ्या लहानपणी आमच्या परसात लाल भोपळ्याचा वेल होता. फुले पुष्कळ येत, फळ मात्र धरत नसे. देठाशी गाठ नसलेल्या फुलांना आई ‘वांझ’ म्हणे आणि उमलायच्या आतच खुडून भाजीत घाली. एकदा शेजारच्या अक्कांनी तिचा हात धरला. ‘हा गंडु हूवु, तो हेण्णु हूवु’ असे म्हणत त्यांनी एका नरफुलाच्या पाकळ्या काढल्या आणि आतला पिवळा दांडा गाठीच्या फुलात अलगद फिरवला. तो भोपळा धरला.

अक्कांची ही युक्ती खजुराच्या देशांत फार जुनी. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या हम्मुराबीच्या कायद्यात खजुराच्या बागेत हे काम करणाऱ्या माळ्याचा उल्लेख आहे. नरखजुराची धूळ मादीवर झटकतात, हे ग्रीक पंडित थिओफ्रास्टसनेही नोंदवले. परंतु इतर झाडांतही नर-मादी असतात, हे प्रयोगाने दाखवायला सतरावे शतक संपत यावे लागले.

जर्मनीतील ट्युबिंगेनच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख रूडॉल्फ कामेरारियस यांनी पाहिले की, जवळपास नर नसलेल्या तुतीला फळे आली, पण बिया पोकळ निघाल्या. मग त्यांनी एरंडाची नरफुले पराग सुटण्यापूर्वीच काढून टाकली. चांगले बी धरले नाही. मक्याच्या कोवळ्या कणसाचे केस कापले. दाणे भरले नाहीत. 1694 साली एका मित्राला लिहिलेल्या लांबलचक पत्रात त्यांनी निष्कर्ष मांडला : परागावाचून बी नाही.

याच पत्रातली एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. भांगेच्या जातीतील एका झाडाने त्यांना दगा दिला. मादीरोपे वेगळी ठेवूनही त्यांना बी आले. सिद्धान्ताला छेद देणारी ही नोंद कामेरारियस लपवू शकले असते. त्यांनी ती लिहिली. या झाडाचे पराग वाऱ्यावर दूरवर जातात, मादीरोपावरही क्वचित नरफुले येतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

प्रयोगवहीत उत्तर जुळवून लिहिणाऱ्या मुलांना मी अनेक वर्षे पूर्ण गुण दिले, याची आता लाज वाटते. हल्ली ‘प्रयोग फसला, बी आले’ असे कुणी प्रामाणिकपणे लिहिले, तर त्याचीच वही मी वर्गात वाचून दाखवतो. फसलेला प्रयोग आणि नरफूल, दोघांनाही आपण उगीच वांझ म्हणत आलो.