वाऱ्याचे थर, पाण्याचे तरंग

वाऱ्याने पाण्यावर तरंग उठतात, हे भूम तालुक्यातल्या आमच्या ईट भागात पाझर तलावाकाठी गुरे राखणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. वारा आपली शक्ती पाण्याला नेमकी कशी देतो, हे उलगडायला मात्र विज्ञानाला शतकाहून अधिक काळ लागला. तो उशीर का झाला, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे.

1871 मध्ये विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांनी गणित मांडले. वर हवा एकाच वेगाने वाहते, खाली पाणी स्थिर आहे आणि दोहोंच्या सीमेवर वेग एकदम बदलतो, हे त्यांचे गृहीतक. उत्तर आले, तरंग उठायला ताशी सुमारे 23 किलोमीटरचा वारा हवा. वास्तविक जॉन स्कॉट रसेल यांनी 1844 च्या अहवालातच नोंदवले होते, की ताशी मैलभर वेगाच्या झुळकेनेही पाण्यावर बारीक सुरकुत्या पडतात. 1925 मध्ये हॅरोल्ड जेफ्रीज यांनाही तळ्यांवर सेकंदाला सुमारे 1.1 मीटरचा वारा पुरेसा दिसला. लाटेच्या आडोशाला हवेचा दाब घटतो, असे कारण त्यांनी दिले. पण प्रयोगांत मोजलेला दाब फारच अपुरा निघाला.

कोडे सुटू लागले 1957 मध्ये. जॉन माइल्स यांनी लक्ष वेधले ते 'शिअर'कडे, म्हणजे शेजारच्या थरांच्या वेगांतल्या फरकाकडे. वारा पाण्यालगत मंद असतो, वर जाऊ तसा वाढतो. एका उंचीवर त्याचा वेग लाटेच्या वेगाशी जुळतो. एका चालीने चालणाऱ्या दोघांनाच ओझे हातोहात देता येते. तसा त्या थरातून वाऱ्याचा जोर लाटेत उतरतो. त्याच वर्षी ओवेन फिलिप्स यांनी वाऱ्यातल्या दाबाच्या चढउतारांनी पहिल्या सुरकुत्या कशा पडतात, हे दाखवले. पुढे वाऱ्याने ओढलेल्या पाण्याच्या वरच्या थरातला शिअरही हिशेबात आला.

केल्विन यांचे गणित चुकलेले नव्हते. त्यांनी सोयीसाठी जी नुसती रेघ मानली, तिथे प्रत्यक्षात थरांची उतरंड होती आणि उत्तर तिच्यातच होते. रसेल यांची नोंद 27 वर्षे आधीची. सुबक समीकरणापुढे ती मागे पडली. आज समुद्रातल्या लाटांचे अंदाज वर्तवणाऱ्या प्रारूपांत माइल्स यांचा विचार वापरला जातो. होडी लोटावी की नाही, हे ठरवताना कोकणातला मच्छीमार ज्या इशाऱ्यावर विसंबतो, त्यामागे या थरांचा हिशेब असतो.