ठाण्यात मागे उरलेला एकटा

परवा देवगिरी एक्स्प्रेसनं परभणीहून मुंबईला चाललो होतो. ठाणं आलं तसं ठरवलं, पुढचा एपिसोड इथलाच.

साल 1321. आपल्या गंगाखेडच्या जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी होत्या, साधारण तोच काळ. देवगिरीच्या यादवांचं राज्य नुकतंच बुडालेलं. अशात ठाण्याच्या बंदरात पाच परदेशी साधू उतरले. चार फ्रान्सिस्कन, आणि पाचवा जॉर्डनस, डोमिनिकन, फ्रान्सचा. जायचं होतं केरळात, कोल्लमला. जहाजानं आणून सोडलं ठाण्यात! तिथं नेस्टोरियन ख्रिश्चनांची पंधरा घरं होती. म्हणजे बघा, वास्को द गामा यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी.

जॉर्डनसला फारसी येत होती, म्हणून लोकांना भेटायला तो सोपाऱ्याकडे निघाला. हो, आपलं नालासोपारा. त्यामुळेच तो वाचला.

मागे काय झालं? बाकीचे ज्या घरी उतरले होते, तिथं नवरा-बायकोचं भांडण पेटलं. प्रकरण काझीपुढे गेलं, साक्षीला या पाहुण्यांची नावं आली. साक्ष राहिली बाजूला, वाद गेला धर्मावर. एप्रिल महिन्यात चौघांनाही ठार केलं. पुढे दिल्लीच्या सुलतानानं ठाण्याच्या अधिकाऱ्यालाच मृत्युदंड दिला, असं ओडोरिक नावाचा प्रवासी साधू लिहितो. हा ओडोरिक त्या चौघांच्या अस्थी पार चीनला घेऊन गेला, पण ती गोष्ट वेगळीच.

जॉर्डनस परतला. मित्रांचे मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. आता परक्या मुलखात एकटा. मला वाटलं, हा पहिल्या जहाजानं घरी पळणार. पण त्यानं पर्शियातल्या सोबत्यांना पत्र धाडलं: अजून माणसं पाठवा! पुढच्या पत्रात तो सांगतो की चाच्यांनी धरलं, तुरुंगात टाकलं, शिव्या खाल्ल्या, नुसत्या सदऱ्यावर फिरावं लागलं. तरी मागणं तेच.

1329 मध्ये पोप बावीसावे जॉन यांनी त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. भारतातला हा पहिला लॅटिन बिशप.

त्यानं भारतातल्या नवलांवर लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तकही लिहिलंय. एवढं सोसलेला माणूस त्यात आंब्याची गोडी सांगतो, नारळाचे उपयोग सांगतो. आणि फणस बघून तर थक्कच होतो. म्हणतो, एकच फळ पाच माणसांना पुरतं.