सिद्धार्थाने घर का सोडले?

सत्याच्या शोधात सिद्धार्थ गौतम घराबाहेर पडले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण कशामुळे, असे वस्तीतील धम्मवर्गात विचारले की मुले पाठ केलेले उत्तर देतात : म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी दिसला म्हणून. चित्रकथांनी आणि मालिकांनी हेच शिकवले आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथाच्या प्रास्ताविकात चार प्रश्न मांडले, त्यातला पहिला हाच. परिव्रज्या घेताना सिद्धार्थ २९ वर्षांचे होते. तोवर त्यांना म्हातारा किंवा आजारी माणूस दिसलाच नव्हता, हे बाबासाहेबांच्या बुद्धीला पटले नाही.

त्याआधी धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) या प्रश्नाला भिडले होते. गोव्यातील सांखवाळचा हा माणूस बुद्धाच्या ओढीने घर सोडून आधी पुण्यात आला, पुढे नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश फिरला आणि १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होता. आज फर्ग्युसन रस्त्यावरून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? ‘भगवान बुद्ध’मध्ये कोसंबींनी पाली ग्रंथांचाच पुरावा दिला. चार दृश्यांची कथा दीघनिकायाच्या महापदान सुत्तात विपस्सी बुद्धाची आहे. ती मागाहून गौतमाला जोडली गेली. अरियपरियेसन सुत्तात मध्यरात्री गुपचूप निघणे नाही. आईवडील रडत असताना तरुण गौतम मुंडन करून निघतात. आणि अत्तदण्ड सुत्तात, अपुऱ्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून आपल्याला भय वाटले, असे बुद्ध स्वतः सांगतात.

बाबासाहेबांच्या ग्रंथात भांडण खरोखर पाण्याचेच आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात मारामारी होते, शाक्यांचा सेनापती युद्धाचा ठराव आणतो. संघाचे सभासद असलेले सिद्धार्थ विरोध करतात. दोन्ही बाजूंची माणसे नेमून चौकशी करा, म्हणतात. ठराव बहुमताने मंजूर होतो. ते सैन्यात जायला नकार देतात. शिक्षा काय? फाशी किंवा देशत्याग, नाहीतर कुटुंबावर बहिष्कार आणि जमीन जप्त. घरच्यांना झळ लागू नये म्हणून ते परिव्रज्या निवडतात. वस्तीच्या नळावर हंडे आदळताना पाहिलेल्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. बहिष्कार म्हणजे काय, हे तर त्यांच्या आजीआजोबांना विचारावे.

आम्हाला याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रसंग, आणि वाचनात नेमका तोच घाईने उरकला जातो. राजगृहात असताना सिद्धार्थांना कळते की युद्ध टळले. आता घरी परतायला हरकत नव्हती. ते परतत नाहीत. राजांमधली युद्धे अधूनमधून होतात, पण वर्गावर्गांतला संघर्ष कायमचा आहे आणि जगाच्या दुःखाचे मूळ त्यात आहे, असे ते ओळखतात. त्यांचा खरा शोध इथून सुरू होतो. समाजकार्यात तंटा मिटला की फाइल बंद होते. तंटा का झाला, हे विचारणारे थोडेच.

वर्षावासात विहारांतून या ग्रंथाचे वाचन होते. हा भाग पहिल्याच खंडात आहे. त्या दिवशी मुलांना पुढे बसवावे आणि त्यांना प्रश्न विचारू द्यावेत.