कोंडून ठेवायचं की कानोसा घ्यायचा?



आजचा विषय जरा अवघड आहे. आमच्या घराण्यातली वडीलधारी मंडळी हा ब्लॉग वाचतात, त्यातल्या काहींच्या भुवया उंचावतील हे ठाऊक आहे. पण पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. ज्या विषयावर घरात बोलायचं नसतं, त्यालाही इतिहास असतोच की.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, गुप्तरोग. मलेरिया गुप्त नाही, क्षय गुप्त नाही, हाच एक गुप्त. रोग लपवायचा असं आधी ठरलं आणि मग त्याला नाव मिळालं. हल्ली सरकारी कागदांत 'लैंगिक संक्रमण' असा सोवळा शब्द असतो, शिवाय 'अतिजोखमीचे गट' असाही एक शब्द असतो. हा दुसरा शब्द मला जास्त विचार करायला लावतो. जोखीम नेमकी कुणाची, कुणापासून कुणाला? गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरं कशी बदलत गेली ते आज पाहू.

नागपूरकरांना कामठी काही नवीन नाही. कन्हान नदीकाठी इंग्रजांनी १८२१ साली तिथे लष्करी छावणी वसवली. जिथे छावणी तिथे बाजार, आणि बाजारात गोऱ्या सोल्जरांसाठी बायकांची वस्ती, हे त्या काळच्या हिंदुस्थानात सगळीकडे होतं. सोल्जर उपदंश आणि परम्याने आजारी पडत, इस्पितळांतल्या खाटा अडत, आणि सरकारला काळजी वाटे ती फौजेची. म्हणून १८६४ साली छावण्यांसाठी कायदा झाला आणि १८६८ साली 'सांसर्गिक रोगांचा कायदा' आला. त्यात वेश्यांनी नाव नोंदवायचं, ठरावीक दिवशी तपासणीला यायचं आणि रोग आढळला तर बरं होईपर्यंत 'लॉक हॉस्पिटल'मध्ये राहायचं. राहायचं म्हणजे अडकून पडायचं.

आता त्या काळच्या वैद्यकाची स्थिती पाहा. परम्याचा जंतू १८७९ साली सापडला. उपदंशाचा सापडला १९०५ साली, आणि त्याची रक्ततपासणी १९०६ साली निघाली. म्हणजे १८६८ साली डॉक्टर नुसत्या डोळ्यांनी पाहून निदान करत होता. औषध म्हणजे पारा. नक्की ओळखता येत नाही आणि नक्की बरंही करता येत नाही, असा रोग शोधायला बायकांवर सक्ती. अर्थात बायका पळू लागल्या. नोंदणी चुकवून आजूबाजूच्या वस्त्यांत लपू लागल्या. ज्यांना तपासायचं त्याच दिसेनाशा झाल्या.

मुंबई शहरात हा कायदा १८७० साली लागू झाला, १८७२ साली थांबला, १८८० साली परत आला आणि १८८८ साली गेला. तिकडे इंग्लंडात जोसेफिन बटलर नावाच्या बाईंनी अशाच कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षं चळवळ चालवली होती. त्यांचा मुद्दा साधा होता. एका रोगाचे दोन वाटेकरी असताना शिक्षा एकीलाच का? कायदा गेल्यावर काही वर्षं फौजेतला रोग वाढला, हेही खरं आहे. कायद्याचे समर्थक तेच आकडे दाखवत. पण पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो उतरला, तेव्हा सोल्जरांचं राहणीमान, त्यांना दिलेली समज आणि सुधारलेले उपचार यांचा त्यात मोठा हात होता. म्हणजे दुसऱ्या वाटेकऱ्याकडे लक्ष गेलं तेव्हा.

दुसरं उत्तर आपल्याच मराठी माणसाचं. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि या प्रचारापायी १९२५ साली नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. ते १९५३ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत चालवलं. संततिनियमन तर आपल्याला माहीत आहे, पण त्यांनी 'गुप्तरोगांपासून बचाव' नावाचं पुस्तकही लिहिलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की हे रोग पापाचे फळ वगैरे काही नसून जंतूंमुळे होतात, आणि माहिती असेल तर टाळता येतात.

यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरं हाच गुन्हा होता! बाबासाहेब खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. आपल्या नागपुरात दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात. पण बाबासाहेबांनी या विषयासाठीही वकिली केली होती, हे किती जणांना ठाऊक असेल? सगळा समाज ज्याच्याकडे पाठ फिरवून उभा होता, त्या माणसाच्या बाजूने ते कोर्टात उभे राहिले.

तिसरं उत्तर तर अगदी आपल्या विदर्भातलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग, दोघंही आपल्या 'मेडिकल'चे. १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' संस्था सुरू केली. तोवर खेड्यातली बाई म्हणजे सरकारच्या लेखी एक गर्भाशय. बाळंतपण आणि ऑपरेशन यापुढे तिचं आरोग्य नाही. राणीताईंना बायकांशी बोलताना वेगळंच ऐकू येत होतं. म्हणून वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तक्रार असलेल्यांची आणि नसलेल्यांचीही.

निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त. त्यातले जवळजवळ निम्मे आजार जंतुसंसर्गाचे. आणि यापूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया किती? फक्त ८ टक्के.

हा ९२ चा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वाचला. या काही कुठल्या 'अतिजोखमीच्या गटा'तल्या बायका नव्हत्या. धान रोवणाऱ्या, मोहफुलं वेचणाऱ्या, घरसंसार करणाऱ्या साध्या बायका. त्या इतकी वर्षं गप्प का होत्या? मला वाटतं याचं उत्तर सोपं आहे. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पुढे राणीताईंनी या अनुभवांवर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'कानोसा'. लॉक हॉस्पिटलला कुलूप लागायचं, इथे कान लागला. फरक एवढाच, पण केवढा!

त्याच सुमारास एड्स आला. १९८६ साली चेन्नईत भारतातली पहिली लागण उघडकीस आली, तीही शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये. लगेच सगळीकडे जुनाच सूर लागला, की या बायकांना पकडा, तपासा, बाजूला काढा. पुण्यात १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. तिथल्या संशोधकांनी पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास करून १९९७ साली जे छापलं, ते प्रत्येक घरात वाचायला हवं होतं. १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या ज्या ३९१ स्त्रिया हा व्यवसाय करत नव्हत्या, त्यांतल्या १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती. बहुतेक लग्न झालेल्या, नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध नसलेल्या. त्यांची जोखीम एकच, त्यांचा नवरा.

'अतिजोखमीचा गट' म्हणून आपण एका गल्लीकडे बोट दाखवत होतो. रोग मात्र मंगळसूत्राच्या वाटेने घरात येत होता.

याच काळात सांगलीत मीना सेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने वेगळी वाट धरली. गोकुळनगरच्या वस्तीत त्यांनी बाहेरचे उपदेशक न आणता तिथल्या स्त्रियांच्याच हाती निरोधचं वाटप आणि माहितीचं काम दिलं. १९९६ साली त्याच स्त्रियांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. कलकत्त्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ पासून असंच केलं होतं. ज्यांना समाज रोगाचं मूळ समजत होता, त्याच रोग थोपवणाऱ्या झाल्या. यात भाबडेपणा नाही, हिशोब आहे. गिऱ्हाइकाला निरोध वापरायला लावायचा तर 'नाही' म्हणायची ताकद बाईच्या अंगात हवी, आणि एकटीने 'नाही' म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. सगळ्याजणी मिळून म्हणाल्या तरच ते चालतं. शिवाय उपदंशासारखी जखम असेल तर एचआयव्हीला आयता दरवाजा मिळतो. म्हणून साध्या गुप्तरोगावर वेळीच इलाज, हाही एड्सला लावलेला बांधच.

आता आपल्या गावाकडे येऊ. इतवारीजवळची गंगा-जमुना वस्ती कुठल्याही नागपूरकराला माहीत असते, पण तिचं नाव कुणी घेत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी ती सील केली, बॅरिकेड लावले. आसपासच्या रहिवाशांच्या तक्रारी होत्या, अल्पवयीन मुलींना तिथे आणल्याच्या घटना होत्या, आणि त्या मुलींना सोडवलंच पाहिजे याबद्दल दुमत नाही. पण पेपरातल्या बातम्या वाचताना मला १८६८ आठवत होतं. बॅरिकेड लावल्याने व्यवसाय संपतो का? की बायका पांगतात? आणि पांगल्या तर दवाखान्याची ताई त्यांना कुठे शोधणार? इतिहासात तर त्या पांगल्या होत्या. पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना या स्त्रियांशी सन्मानाने वागायला सांगितलं. ते वाचून बरं वाटलं.

एक गोष्ट शिक्षिका म्हणून लिहिते. २००७ साली महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी आली. तेव्हा मी नोकरीत होते. संस्कृती बिघडेल असं सांगितलं गेलं. ज्या राज्यात ऐंशी वर्षांपूर्वी कर्व्यांनी मासिक काढलं, त्याच राज्यात! मुलं काय, ती शिकतातच. प्रश्न इतकाच असतो, की शिक्षकाकडून शिकतात की पानठेल्यावर.

आज सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, निरनिराळ्या लक्षणांसाठी निरनिराळ्या रंगांची पाकिटं असतात. पारा जाऊन पेनिसिलीन येऊन किती वर्षं लोटली! औषध कधीच पुढे निघून गेलं. मागे राहिली ती लाज. आणि लाजेचा भार दीडशे वर्षांपूर्वी जिच्या डोक्यावर होता, तिच्याच डोक्यावर तो अजून आहे.

तेव्हा माझ्या भाच्यांनो, पुतण्यांनो, सुनांनो, मुलामुलींनी काही विचारलं तर 'गप्प बस' म्हणू नका. उत्तर येत नसेल तर डॉक्टरांना विचारून सांगा. आणि कुणी बाई 'अंगावरून जातं' म्हणाली, तर 'सगळ्यांनाच होतं' म्हणून सोडून देऊ नका. तिला दवाखान्यात न्या, आणि तिच्या नवऱ्यालाही न्या. दोन वाटेकऱ्यांचा रोग आहे हा.

असो. फार लांबलं. प्रतिक्रिया जरूर लिहा, रागावलात तरी लिहा.